खालून ओळखलेली खुर्ची

मी, आसाराम आश्रुबा सानप, वय एकोणतीस (शाळेच्या दाखल्यावर एकतीस, गुरुजींनी अंदाजाने टाकले होते), राहणार मौजे बोरटाकी, उमापूर रस्ता, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहितो. शिक्षण आठवी, तीही अर्धी. धंद्याच्या जागी काय लिहावे हे मला कधी कळलेले नाही. ऊस तोडला, ट्रकवर क्लीनर होतो, नारायणगडाच्या जत्रेत पाळणा फिरवला, एक उन्हाळा विहिरीवर सुरुंग भरले. गेली सात वर्षे जुन्या खुर्च्या शोधतो, दुरुस्त करतो आणि बहुतेक विकत नाही. तेव्हा धंदा : खुर्च्या.

माझे डोके ठिकाणावर आहे. मी काही प्यालेलो नाही आणि कोणी दम दिला म्हणून लिहीत नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितले की काळजाची एक झडप नीट मिटत नाही, पुण्याला जाऊन ऑपरेशन करून घे. पुण्याहून तारीख आली आहे, येत्या गुरुवारची. डॉक्टर म्हणाले, भिण्यासारखे नाही. मी भीत नाही. पण माझ्या घरात अकरा खुर्च्या आहेत आणि त्यातली कोणती काय आहे हे माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही, म्हणून लिहून ठेवणे भाग आहे. मी परत आलो तर हा कागद चुलीत घालावा.

कलम १. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर माझी आई छबुबाई हिचे. पत्र्यावर ठेवलेले धोंडे कोणी हलवू नयेत, मागच्या वावटळीत शेजारच्यांचा पत्रा ओढ्यापलीकडे सापडला. रान दोन एकर, मुरमाड, यंदाही त्यात काही आले नाही. ते आई आणि बहीण मुक्ताबाई यांनी निम्मे निम्मे घ्यावे.

कलम २. पोस्टाचे पुस्तक आईच्याच नावावर आहे, त्याचे काही लिहायचे नाही. सायकल मुक्ताचे मालक रामकिसन यांना. तिचे मागचे कॅरिअर मी खुर्ची बांधता यावी म्हणून रुंद करून घेतले आहे. त्यावर खुर्ची बांधून मी परळीहून इथपर्यंत आलेलो आहे, एका दमात. म्हणजे दम तीन वेळा घेतला, पण त्याच दिवशी आलो. त्या दिवशी वाटेत एकाने विचारले, "पाहुणे, नवरी कुठं राहिली? नुसती खुर्चीच घिऊन निघालात." असो.

कलम ३. हत्यारे. रंधा, पटाशा तीन, टोचा, वेत भिजवायची पितळी परात आणि सरसाचे भांडे हे सर्व उमापूरचे धुळाजी मिस्त्री यांचे. त्यांच्याकडूनच आले, त्यांच्याकडे जावे. वेत विणायला त्यांनी शिकवले. ते म्हणायचे, "खुर्ची मंग बघ बे, आधी बसणाऱ्याचा गुडघा बघ." ज्याच्या घरासाठी खुर्ची बघायची त्याच्याकडे आधी सुतळी घेऊन जायचे, गुडघ्याच्या मागच्या लवणीपासून टाचेपर्यंत मोजायचे, सुतळीला गाठ मारायची आणि ती खिशात घालून निघायचे. अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंना मी अशीच खुर्ची शोधून दिली. त्या म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय खुर्चीवरून नीट जमिनीला टेकले."

करवतही मिस्त्रींचीच, पण तिच्याबद्दल वेगळे लिहितो. सात वर्षांत मी एकाही जुन्या खुर्चीला करवत लावलेली नाही. याचा मला अभिमान आहे. खुर्ची मोडली तर सांधावी, झिजली तर झिजू द्यावी, कापू नये. माझी खुर्ची ज्याला जाईल त्याने हे पाळावे, न पाळल्यास मुक्ताबाईने जाऊन ती उचलून आणावी.

कलम ४. खुर्च्या. आधी हे सांगतो की जुनी खुर्ची घरासाठी कशी बघावी, कारण लोक भिंत बघतात तशी खुर्ची समोरून बघतात. बसून बघू नका. उलटी करा. वरचा भाग दाखवण्यासाठी असतो, खालच्या भागाला कोणी रंग देत नाही, पॉलिश देत नाही. तिथे लाकडाच्या मेखा दिसल्या तर उचला, नुसते खिळेच दिसले तर चहा पिऊन निघून या. मग एका हाताने उचलून बघा. सागवान मनगटाला कळते. मग हात टेकायच्या जागेवरून बोट फिरवा, तिथे लाकूड गुळगुळीत लागले तर त्यावर खरोखर कोणी बसत होते. दुकानदार म्हणेल नवाबाची आहे. सगळ्या खुर्च्या नवाबाच्या असतात. एवढे नवाब बीडात असते तर बसायला जागा उरली नसती. आणि हल्ली कचेऱ्यांतून, सोसायट्यांतून, दवाखान्यांतून सागवानी खुर्च्या बाहेर टाकून लोखंडी नळीच्या आणत आहेत. लोक हसतात मला, "जुनं कावून गोळा करतो?" मी म्हणतो, टाका अजून, मी हायच.

लांब हाताची वेताची आरामखुर्ची मुक्ताबाईस. ही अंबाजोगाईच्या एका रिटायर न्यायाधीशांच्या बंगल्यातली. मुक्ता दसऱ्याला कोयता घेऊन कारखान्यावर जाते ती पाडव्याच्या आसपास परत येते. सहा महिने कमरेत वाकून ऊस तोडणाऱ्या बाईची पाठ टेकायला ही खुर्ची केलेली असावी, न्यायाधीशांना मध्येच मिळाली होती. रामकिसनने तिच्यावर बसू नये. त्याला सायकल दिली आहे.

गोल पाठीची, वाकवलेल्या लाकडाची, बंद पडलेल्या हॉटेलातली : धुळाजी मिस्त्री यांना. हिचे वाकण त्यांना आजही उलगडलेले नाही, रोज समोर ठेवून बघत बसावे.

सोसायटीचे जुने शिपाई आप्पाराव यांना उंच पाठीची एक. दिसायला सर्वांत देखणी आहे, पण मागचा उजवा पाय आतून वाळवीने खाल्लेला आहे. आप्पारावांनी बसण्याआधी ती उलटी करून बघावी. त्यांना कशाला खुर्ची, असे कोणी विचारील. पुढच्या कलमात कळेल.

सात खुर्च्या गावच्या शाळेला. मुलांनी बसावे, पाळीपाळीने. गुरुजींना सरकारने दिलेली आहे.

कलम ५. अकरावी खुर्ची. हे कलम लांबणार आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या शिवारात पाझर तलावाचे काम निघाले. वडील आदल्या वर्षी वारले होते. मी आठवी सोडून आईबरोबर कामावर गेलो. आई खडी फोडायची. सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव रोज कामावर येऊन बसत, कारण धान्याचे वाटप सोसायटीकडे होते, आणि चेअरमन बसणार ते खुर्चीवरच. ही खुर्ची सोसायटीच्या ऑफिसातून सकाळी तलावावर न्यायची आणि दिवस मावळायला परत आणायची, हे काम आप्पारावांनी मला लावले. दीड कोस जाणे, दीड कोस येणे.

निजामाच्या कचेरीतली जुनी खुर्ची, भरीव सागवानाची. डोक्यावर नेताना बैठकीचा तळ टाळूवर आणि चार पाय चार बाजूंना. वाटेत झाड नव्हते, होती त्यांचा पाला जनावरांसाठी सवळून नेलेला. दमलो की खुर्ची खाली ठेवायचो आणि तिच्याच सावलीत डोके घालून आडवा व्हायचो. आठ महिने मी ती खुर्ची खालून बघितलेली आहे. बैठकीखाली डागलेला उर्दू आकडा, नऊ मेखा, आणि शेळीच्या डोळ्यासारखी एक गाठ. मी खुर्ची खालून बघायला शिकलो तो तिथे. शाळा सुटली म्हणून लोक हळहळले. माझी शाळा डोक्यावर होती.

एके दिवशी आई तापात होती. चेअरमन उठून बांधापलीकडे गेले होते. दुष्काळी कामावर खायला वाटत त्या सुकडीच्या रांगेत तिला भोवळ आली आणि समोर जे होते त्यावर ती बसली. ती खुर्ची होती. आप्पाराव ओरडले, "ए छबे, उठ! खुर्ची हाय ती, धोंडा न्हाई!" रांग हसली. आपलीच माणसे, भुकेली, तरी हसली. आई उठली आणि खडीच्या ढिगावर जाऊन बसली.

त्या दिवशी परत जाताना ओढ्यातल्या कातळावर मी ती खुर्ची आपटली. मागच्या डाव्या पायाचा सांधा सुटला. पाय घसरला म्हणून सांगितले. सोसायटीने तिथे पितळी पट्टी मारून घेतली, दोन स्क्रू, त्यातला एक तिरका. बोलणी आप्पारावांना बसली, धड पोरगं बघून लावता येत नाही का म्हणून. आप्पाराव, माझा पाय घसरला नव्हता. लिहून देतो.

त्या दिवसापासून आई खुर्चीवर बसलेली नाही. पंधरा वर्षे झाली. एस.टी.च्या स्टँडवर बाकड्यावरही नाही. मी पहिली खुर्ची घरी आणली तेव्हा म्हणालो, "माय, बस की." ती म्हणाली, "खाली बसलेल्याला कुणी उठीवत न्हाई बाबा." मग दुसरी आणली. लोकांना वाटते मला खुर्च्यांचे वेड आहे. वेड आहेच, पण एकेक खुर्ची मी तिच्यासमोर ठेवत गेलो, की ही नाही तर पुढची. तिने प्रत्येक पुसली. प्रत्येकीच्या पायाला पाठ टेकून, खाली बसून जेवली.

आता चूक कशी झाली ते. कचेरीतून सोसायटीकडे आलेल्या खुर्च्या दोन होत्या, एकसारख्या. एक चेअरमनची, एक सेक्रेटरीची. चार वर्षांपूर्वी कोणी मोठे पाहुणे येणार म्हणून सोसायटीने दारे, कपाटे, खुर्च्या सगळ्यांना एकाच डब्यातला हिरवा रंग फासला. रंग वाळल्यावर पेंटरने पाठीवर पांढऱ्या अक्षरात 'चेअरमन' आणि 'सेक्रेटरी' लिहिले, आणि एकीचे दुसरीवर लिहिले. ऑफिसात कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळे खुर्च्या समोरूनच ओळखत होते. गेल्या वर्षी लोखंडी खुर्च्या आल्या आणि जुने सामान काढले. विठ्ठलराव वारले होते. त्यांचे चिरंजीव मोहनराव आताचे चेअरमन. त्यांनी 'चेअरमन' लिहिलेली खुर्ची वडिलांची आठवण म्हणून वाड्यावर नेली. 'सेक्रेटरी' मोडक्या बाकड्यांबरोबर जळणात निघाली. मी तिच्याखाली वाकून बघितले. नऊ मेखा, शेळीचा डोळा, पितळी पट्टी, तिरका स्क्रू. जळणाच्या भावाने ती उचलली आणि तोंड गप्प ठेवले. आयुष्यात तेवढे एकदाच.

दोन महिने रंग खरवडला. पॉलिश लावल्यावर लाकूड असे उघडले, की धुळाजी मिस्त्रींनी टोपी काढून ठेवली. मग मात्र मी उमापूरच्या हॉटेलात फुशारकी मारली आणि ते मोहनरावांपर्यंत गेले. त्यांनी घरची खुर्ची उलटी करून बघितली. पट्टी नाही.

मोहनराव वाईट माणूस नाही. यंदा जनावरांच्या छावणीला त्यांनी स्वतःचा कडबा घातला. पण सोसायटीचा नवा हॉल बांधतात त्याला वडिलांचे नाव आहे, आणि तिथे ती खुर्ची काचेत ठेवायची, वर फोटो, फोटोला हार, असे त्यांच्या मनात आहे. बदल्यात रेक्झिनचा सोफासेट देतो म्हणाले. माझ्यासमोर रेक्झिनचे नाव काढले, मी चिडलो नाही, हेही नोंदवून ठेवतो.

तर ही खुर्ची आई छबुबाई हिची. अट एक. बुधवारी मी पुण्याच्या गाडीत बसायच्या आत तिने या खुर्चीवर बसावे. ती बसली नाही तर खुर्ची मोहनरावांना द्यावी. त्यांनी ती काचेत ठेवावी. मग ज्या खुर्चीवरून आईला उठवले ती रिकामी राहील आणि गाव येता जाता तिला हात जोडील. हे मी रागाने लिहीत नाही. आईला वाचून दाखवायचे आहे म्हणून लिहितो.

पुरवणी. तोच दिवस, दुपार. सही करण्याआधी जे घडले ते लिहिणे भाग आहे, कारण त्याने कलम ५ बदलते.

साक्षीला धुळाजी मिस्त्री आले. मोहनरावांनाही कुणकुण लागलेली, तेही आले आणि म्हणाले, "साक्षीला मी बसतो. माझा शब्द हाय, सही करीन." बरोबर आप्पाराव, आता काठी टेकत. घोंगडी अंथरली होती. खुर्ची मधल्या दाराशी होती आणि आई तिच्या पायाला पाठ टेकून गहू निवडत होती. मी सगळे वाचून दाखवले. आपटल्याचे आले तसे आप्पाराव म्हणाले, "तू आपटली व्हय बे? पंधरा वर्सं मी तुला चांगला समजत गेलो." मिस्त्री हसले. रांगेचे वाचले तेव्हा कोणी हसले नाही. आप्पाराव काठीकडे बघत राहिले.

अट वाचून झाली. आई गहू निवडतच होती.

मोहनराव गोड आवाजात म्हणाले, "छबुबाई, अण्णांची आठवण हाय ती. तुमी तर कधी बसतच न्हाई. तुमच्या काय कामाची?"

मोहनराव उन्हातून चालत आलेले, दमलेले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, खुर्चीवर झटकला आणि बसायला वळले. वाईट हेतू नव्हता. आमच्याकडे कोणी मोठे माणूस आले तर खुर्ची त्याचीच असते, ती विचारून घेत नाहीत.

आई म्हणाली, "थांबा मोहनराव. ती जागा धरलेली हाय."

"कुणी?"

"मी. बहात्तर सालापासनं."

तिने सूप बाजूला ठेवले, उठली, पदराने बैठक पुसली, आणि बसली. सावकाश, पाठ टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर. आप्पाराव भिंतीशी सरकले. ती त्यांना म्हणाली, "आप्पाराव, म्हणा की उठ."

"न्हाई म्हणत माय," आप्पाराव म्हणाले. "बस तू."

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मिस्त्री खाली बघत होते. मग मीही बघितले. आईचे पाय जमिनीला पोचत नव्हते. चार बोटे अधांतरी, शाळेतल्या पोरीसारखे हलत होते. कचेरीतली खुर्ची, साहेबाच्या उंच टेबलासाठी केलेली.

"लई उंच हाय रे ही," आई म्हणाली. "ह्याच्यावर बसून माणसं दिसभर काय करत्यात?"

मिस्त्री मला म्हणाले, "साऱ्या जिल्ह्याचे गुडघे मोजीत फिरतो. माईचा कावून न्हाई मोजला बे?"

ती बसणार असे मला सात वर्षांत कधी खरे वाटलेच नव्हते, हे त्याचे उत्तर आहे. मी सुतळी काढली. आईने पाय पुढे केला. लवणीपासून टाचेपर्यंत मोजले, गाठ मारली. खुर्चीपेक्षा बरोबर चार बोटे कमी.

म्हणून कलम ५ खालीलप्रमाणे बदलले आहे. अट पुरी झाली. खुर्ची आई छबुबाई हिची, आजपासून, मी मेलो अगर न मेलो. मी परत आलो आणि हा कागद चुलीत घातला तरी हे कलम जळाले असे समजू नये.

कलम ३ मधील करवतीबद्दलचा नियम या एका खुर्चीस लागू नाही. तिचे चारही पाय खालून चार बोटे कापावेत. मिस्त्रींनी करवत हातात घेतली आहे, खुर्ची मी धरणार आहे. जुन्या खुर्चीला मी करवत लावली असे कोणी म्हणाले तर हो म्हणून सांगावे आणि कोणासाठी तेही सांगावे.

कापलेले चार तुकडे चेअरमन मोहनराव यांना त्यांच्या हॉलसाठी द्यावेत. अस्सल निजामी सागवान आहे, तळाला तलावावरच्या खडीचे ओरखडे आहेत. काचेत ठेवावेत, हार घालावा. हे मी वाचून दाखवले तेव्हा मोहनराव आधी लाल झाले, मग त्यांना हसू आले, मग म्हणाले, "आण बे कागद. शब्द दिला म्हंजे दिला." माणूस तसा चांगला, हे मी वर लिहिलेच आहे.

आप्पारावांची वाळवीची खुर्ची रद्द. त्यांना गोल पाठीची द्यावी. मिस्त्रींना मी विचारले, ते म्हणाले, "घेऊ दे. मी त्याच्या घरी जाऊन बघत बसन."

येथे लिहिणे संपले. खाडाखोड चार ठिकाणी आहे, ती माझीच.

मुक्काम बोरटाकी, रविवार, दिनांक ८ मार्च १९८७.

लिहून ठेवणार : आसाराम आश्रुबा सानप

साक्षीदार पहिला : धुळाजी मिस्त्री, उमापूर. (एका हातात करवत धरून सही केली.)

साक्षीदार दुसरा : मोहनराव विठ्ठलराव, चेअरमन. (घोंगडीवर बसून सही केली.)

वाचून दाखवले, ऐकले, मान्य आहे : छबुबाई आश्रुबा सानप, डाव्या हाताचा अंगठा. (खुर्चीवर बसून. कागद वर नेऊन द्यावा लागला.)